वादीने बांधलेले लोखंड

तिबेटी वर्षाच्या पहिल्या महिन्यात ल्हासामध्ये मोन्लम नावाचा मोठा प्रार्थना-उत्सव भरत असे. बौद्ध आचार्य त्सोंगखापा याने तो १४०९ मध्ये सुरू केला. सतराव्या शतकात दलाई लामांची राजवट स्थिरावल्यावर त्याला राज्याच्या सोहळ्याचे रूप आले. उत्सवाच्या शेवटच्या दिवसांत जुन्या पद्धतीच्या फौजेची हजेरी घेतली जाई. अंगात लोखंडी चिलखते, डोक्यावर तुरा लावलेली शिरस्त्राणे, पाठीला धनुष्य आणि भाता असे हे स्वार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दरवर्षी ल्हासाच्या रस्त्यांवर दिसत. ह्यू रिचर्डसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३६ ते १९५० या काळात अनेक वर्षे ल्हासात काढली आणि हे सोहळे बारकाईने नोंदवून ठेवले. पण बहुतेक परदेशी पाहुण्यांनी या स्वारांकडे पाहून एकच निष्कर्ष काढला. हिमालयामागे कोंडलेला हा देश मध्ययुगातच थांबला आहे आणि त्याची चिलखतेही त्याच्यासोबत थांबली आहेत, असा तो निष्कर्ष होता. तो दिसायला सोपा आहे आणि चुकीचा आहे. तिबेटी चिलखत इतकी शतके टिकले, कारण ते कधी एका जागी थांबलेच नाही. त्याची बांधणीच अशी होती की ते सतत उसवता, जोडता, लहानमोठे करता आणि दुसऱ्याच्या अंगावर चढवता येई. या बांधणीचे मर्म लोखंडापेक्षा चामड्याच्या वादीत आहे.

आधी वस्तू नीट पाहू. तिबेटमधल्या सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण चिलखताला युरोपीय अभ्यासक लॅमेलर म्हणतात. आपण त्याला पट्टीबंद म्हणू. ते लोखंडाच्या शेकडो लहान पट्ट्यांचे बनते. पट्टी बोटाएवढी रुंद आणि बोटाहून जरा लांब असते, तिचे एक टोक बहुधा गोलसर केलेले असते आणि तिला डझनभर भोके पाडलेली असतात. शेजारच्या पट्टीचा काठ या पट्टीच्या काठावर चढतो आणि दोघींच्या भोकांतून चामड्याची अरुंद वादी ओवून त्या एकमेकींना बांधल्या जातात. अशी एक आडवी रांग झाली की दुसरी, मग तिसरी. मग या रांगा उभ्या वाद्यांनी एकमेकींना टांगतात. छाती-पाठीच्या रांगा, कमरेशी आत वळलेल्या लांब पट्ट्यांची एक वेगळी रांग आणि तिच्याखाली मांड्या झाकणारा घेर असा हा बिनबाह्यांचा, पुढून उघडा अंगरखा तयार होतो. त्याला आतून कापडाचा किंवा कातड्याचा आधार नसतो. इथेच त्याचा खवल्यांच्या चिलखताशी फरक पडतो. खवल्यांच्या चिलखतात प्रत्येक खवला आतल्या कापडावर शिवलेला असतो आणि वरचा खवला खालच्यावर पडतो. कापड फाटले की सगळेच ढिले होते. पट्टीबंद चिलखतात पट्टी पट्टीला धरते, आणि सहसा खालच्या रांगेचे वरचे टोक वरच्या रांगेच्या बाहेरून येते. त्यामुळे रांगा एकमेकींवर सरकतात. माणूस खोगिरात बसला की खालचा घेर उभ्या दिशेने मिटतो आणि उभा राहिला की पुन्हा उलगडतो. चिलखत पेटीत ठेवतानाही ते असेच मिटते.

या रचनेत रिव्हेट नाही, जोडकाम नाही, वितळवून सांधलेला एकही सांधा नाही. लोहाराचे काम पट्टी ठोकून भोके पाडली की संपते. पुढचे सगळे काम ओवण्याचे आणि बांधण्याचे असते. हे वेगळेपण वरवर किरकोळ वाटेल, पण तिबेटच्या अर्थव्यवस्थेत ते निर्णायक ठरते. त्या पठारावर लोखंड महाग होते. पंधराव्या शतकात साखळदंडाचे पूल बांधणारा थांगतोंग ग्याल्पो लोखंडासाठी कोंगपोसारख्या प्रांतांत आणि पार भूतानमधल्या पारोपर्यंत फिरला, यावरून धातू किती ठिकाणांहून गोळा करावा लागे हे दिसते. पूर्वेकडे खाम प्रांतात देर्गेसारखी उत्तम लोखंडकामाची केंद्रे होती, पण ती मध्य तिबेटपासून अनेक आठवड्यांच्या वाटेवर. शिवाय तिबेटी समाजात लोहाराला मान नव्हता. खाटिकांबरोबर त्याची गणना सर्वांत खालच्या थरात होई, आणि त्याच्याशी सोयरीक करणे कमीपणाचे मानले जाई. म्हणजे लोहार थोडे, लांबवर विखुरलेले आणि समाजाच्या कडेला ढकललेले. याउलट याक, मेंढी आणि शेळी यांचे कातडे प्रत्येक तंबूत होते, आणि ते कमावून त्याच्या वाद्या कापणे हे पशुपालकांचे रोजचे काम होते. खोगीर, लगाम, पिशव्या, तंबूचे बंद सगळे कातड्यावर चाले. ज्या चिलखताला लोहार एकदाच लागतो आणि वादी मात्र कायम लागते, ते चिलखत अशा देशात टिकते यात नवल काय?

त्यात फौजेची व्यवस्थाही या बांधणीला साजेशी होती. सातव्या ते नवव्या शतकातल्या तिबेटी साम्राज्यात देश सैनिकी विभागांत आणि हजाराच्या तुकड्यांत वाटलेला होता. पुढच्या काळातही जमिनीच्या मोबदल्यात घराण्यांनी आणि गावांनी सैनिक द्यायचे, अशी पद्धत होती. अशा फौजेतला शिपाई दर पिढीला बदलतो, त्याचे शरीर बदलते; शस्त्रे आणि चिलखते मात्र घराण्याच्या, मठाच्या किंवा जोंगाच्या म्हणजे किल्ल्याच्या कोठारात राहतात. पूर्ण पत्र्याचे युरोपीय चिलखत एका माणसाच्या मापाने घडवले जाते. तो लठ्ठ झाला तरी पंचाईत, मेला तरी पंचाईत. पट्टीबंद चिलखतातून दोन उभ्या ओळी काढल्या की ते अरुंद होते, चार घातल्या की रुंद होते. माझ्या मते तिबेटी चिलखताची सगळ्यात मोठी करामत ही आहे: ते कोठाराच्या मालकीचे चिलखत होते आणि त्याची रचना कोठाराच्या सोयीची होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही बांधणी तिबेटची मुळी नव्हेच, ती मंगोलांची आहे. या म्हणण्याला मोठा साक्षीदार आहे. पोप इनोसंट चौथा याने १२४५ मध्ये मंगोलांकडे पाठवलेला फ्रान्सिस्कन साधू जॉन ऑफ प्लानो कार्पिनी १२४७ मध्ये परतला. त्याने मंगोलांच्या चिलखताची जी कृती लिहून ठेवली आहे, ती वाचताना आपण ल्हासाच्या कोठारातली वस्तू पाहत आहोत असेच वाटते. बोटभर रुंद, तळहाताएवढ्या लांब पातळ पट्ट्या, प्रत्येकीला आठ भोके, चामड्याच्या वाद्यांनी एकमेकींवर चढवून केलेली रांग, मग रांगेला रांग. माणसासाठी तसेच घोड्यासाठीही ते हीच कृती वापरतात आणि लोखंड इतके घासतात की त्यात तोंड दिसावे, असेही तो सांगतो. तेराव्या शतकाच्या मध्यापासून तिबेट मंगोलांच्या अमलाखाली होता, सतराव्या शतकात गुश्री खानाच्या मंगोल फौजेनेच पाचव्या दलाई लामांना गादीवर बसवले, आणि मोन्लमच्या हजेरीतल्या सरदारांचा पोशाखही मंगोल वळणाचा असे. तेव्हा मंगोल छाप नाकारण्यात अर्थ नाही. आज संग्रहालयांत असलेल्या अंगरख्यांची घडण मंगोल काळात किंवा त्यानंतर पक्की झाली असावी, हे मला पटते.

पण छाप पडली म्हणून मूळही तिकडचेच, असे होत नाही. पुरातत्त्वसंशोधक ऑरेल स्टाइनने १९०७ मध्ये तकलामकानच्या दक्षिण कडेला मीरान येथे एक किल्ला खणला. आठव्या-नवव्या शतकांत तिथे तिबेटी पलटणीचे ठाणे होते. त्या किल्ल्याच्या कचऱ्यात तिबेटी लिपीतले लाकडी आणि कागदी लेख सापडले, तसेच चिलखताच्या चामडी पट्ट्याही सापडल्या. कडक केलेल्या कातड्यावर लाल-काळ्या लाखेचे लेप दिलेल्या, भोके पाडलेल्या आणि वादीने गुंफलेल्या अशा या पट्ट्या आहेत. म्हणजे चंगीझ खान जन्मण्याच्या तीन-चारशे वर्षे आधी तिबेटी शिपाई ही गुंफण अंगावर बाळगत होते. ही पद्धत त्यांनी शोधली असे मात्र म्हणता येणार नाही. पट्ट्या गुंफून चिलखत करण्याची रीत प्राचीन असिरियापासून जपानपर्यंत आशियाभर पसरलेली होती. तिबेटचे श्रेय शोधाचे नाही. इतरत्र ही रीत मागे पडल्यावरही ती तिथे का राहिली, हा खरा प्रश्न आहे.

आणि तो प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तिबेटकडे दुसरा पर्याय फार लवकर आला होता. चिनी विद्वान दू यू याने ८०१ मध्ये सादर केलेल्या 'तोंगत्येन' या ग्रंथात तिबेटी फौजेचे वर्णन आहे. माणसे आणि घोडे दोन्ही कड्यांच्या चिलखताने नखशिखान्त झाकलेले, फक्त डोळे उघडे, आणि कारागिरी इतकी उत्तम की ताणलेले धनुष्य आणि धारदार शस्त्रही त्यांना इजा करू शकत नाही, असे तो सांगतो. अरब इतिहासकार तबरी याच्या इतिहासातही असाच पुरावा सापडतो. ७२९ च्या सुमारास समरकंदजवळच्या कमर्जाच्या वेढ्यात तुर्गेश तुर्कांच्या खाकानावर, म्हणजे राजावर, नेमके बाण मारले गेले, पण तिबेटी चिलखतामुळे तो बचावला. दोन साक्षीदार, दोन भाषा, दोन शत्रुपक्ष आणि दोघांचे एकमत! आठव्या शतकात तिबेटी चिलखताचे नाव मध्य आशियात गाजत होते आणि निदान चिनी ग्रंथातला उल्लेख गुंफलेल्या कड्यांचाच आहे. कड्यांचे चिलखत मराठी वाचकाला ओळखीचे आहे. बखरींतले चिलखत आणि बख्तर म्हणजे बहुधा तेच. ते अंगाला बिलगते, अंगरख्याखाली लपते आणि कापणाऱ्या धारेला दाद देत नाही. मग एवढे चांगले चिलखत हाताशी असताना पट्ट्या ओवत बसायचे कारण काय?

कारणे दोन आहेत, आणि दोन्ही कारागिरीतली आहेत. कड्यांच्या चिलखतात हजारो कड्या असतात, आणि उत्तम प्रतीच्या चिलखतात प्रत्येक कडीचे तोंड रिव्हेटने बंद केलेले असते. त्यासाठी तार ओढणारा, कडी वळवणारा आणि ती बंद करणारा असे कुशल हात सतत लागतात. एक कडी तुटली तरी ती दुरुस्त करायला लोहारच हवा. दुसरे म्हणजे कड्यांचे जाळे मऊ असते. तलवारीचा काप ते अडवते, पण गदेचा मार किंवा जड बाणाचा धक्का ते शरीरापर्यंत पोचू देते. पट्टीबंद चिलखतात पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असल्याने बहुतेक जागी लोखंडाचे दोन थर येतात, काही ठिकाणी तीन, आणि धक्का रांगभर वाटला जातो. घोड्यावरून धनुष्य चालवणाऱ्या शत्रूंनी वेढलेल्या पठारावर ही निवड शहाणपणाची होती. कड्यांची चिलखतेही तिबेटमध्ये राहिलीच. हजेरीच्या सोहळ्यात अनेक स्वार तीच घालत, आणि त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चार गोल लोखंडी तबके पट्ट्यांनी बांधत. तिबेटीत त्यांना आरसे म्हणतात. इराण आणि हिंदुस्थानातून आलेल्या चार-आईन्याचे हे भाऊबंद आहेत. आपल्याकडचा चार-आईना बहुधा चौकोनी पत्र्यांचा असतो, तिबेटी मात्र गोल. तेव्हा तिबेट बाहेरचे काही घेतच नव्हता, ही समजूत नुसत्या स्वाराच्या छातीकडे पाहूनच गळून पडते.

वादीवर भिस्त ठेवणाऱ्या चिलखताविरुद्ध एक सरळ व्यावहारिक हरकत आहे: वादी कापली की सगळे गळून पडणार! ही हरकत युरोपीय अभ्यासकांनीही अनेकदा घेतली आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी, कारण कातडे हे लोखंडाहून कच्चेच. पण गुंफण जवळून पाहिली की बचाव कसा केला आहे ते दिसते. वादीचा मोठा भाग पट्ट्यांच्या आत, दोन थरांच्या मध्ये दडलेला असतो. बाहेर दिसतात ते भोकांमधले आखूड टाके. शिवाय एका पट्टीला एकच वादी नसते. शेजारणीला धरणारी वेगळी, रांगेला टांगणारी वेगळी आणि काठ सांभाळणारी वेगळी. एका फटक्यात दोन-चार टाके तुटले तर तेवढ्या जागी ढिलेपणा येईल, रांग कोसळणार नाही. आणि ते टाके रात्री तळावर शिपाई स्वतः पुन्हा घालू शकतो. पत्र्याच्या चिलखताला खोल खोक पडली तर त्याला ठोकून सरळ करायला भट्टी लागते. लढाईच्या धामधुमीत कोणते चिलखत लवकर कामाला येईल, हे सांगायला नको. चिलखताचा सर्वांत कच्चा भाग हा सर्वांत सहज बदलता येणारा भाग ठेवायचा, हा यामागचा हिशेब आहे.

या हिशेबाचा एक परिणाम असा की तिबेटी चिलखताला एक वय नसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात डोनाल्ड लारोका यांनी तिबेटी शस्त्रांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि २००६ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्या निमित्ताने घोड्याच्या चामडी चिलखतांसारख्या काही वस्तूंची कार्बन-चाचणीही झाली. त्यापूर्वी ज्या वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या म्हणून सरसकट नोंदवल्या जात, त्यांतल्या कित्येक पंधराव्या ते सतराव्या शतकांतल्या निघाल्या. हे काम मोलाचे आहे. पण चाचणी कातड्याची होते, लोखंडाची नव्हे, आणि इथे गुंफणीचा स्वभाव लक्षात ठेवायला हवा. वादी दर काही पिढ्यांनी बदलत असेल तर कातड्याचे वय हे शेवटच्या दुरुस्तीचे वय असते. पट्ट्या तिच्या कितीतरी आधीच्या असू शकतात. संग्रहालयांतल्या अंगरख्यांत वेगवेगळ्या मापांच्या आणि वेगवेगळ्या भोकांच्या मांडणीच्या पट्ट्या एकत्र आलेल्या दिसतात. तुटलेल्या चिलखतातल्या धडक्या पट्ट्या दुसऱ्यात गेल्या, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. आजीच्या लुगड्याचा तुकडा नातवाच्या गोधडीत सापडावा तसेच हे आहे, आणि अशा गोधडीचे साल विचारणाऱ्याला दोन साले सांगावी लागतात.

इथेच तिबेटी नमुन्यांचे जगाच्या इतिहासातले महत्त्वही कळते. बाकी ठिकाणी जमिनीत गेलेल्या पट्टीबंद चिलखताचे कातडे कुजून जाते आणि उत्खननात हाती येतो तो गंजलेल्या पट्ट्यांचा ढीग. पट्टी कशी होती ते कळते, चिलखत कसे होते ते कळत नाही. स्वीडनच्या गोटलंड बेटावर विस्बी येथे १३६१ मध्ये झालेल्या लढाईतल्या मृतांना सामूहिक खड्ड्यांत पुरले होते. तिथल्या चिलखतांचा अभ्यास बेंग्ट थोर्डेमान याने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केला. त्यात एक चिलखत पट्टीबंद निघाले, आणि अशी रचना समजून घेण्यासाठी त्याला आशियातल्या शाबूत नमुन्यांकडे, त्यातही तिबेटकडे वळावे लागले. म्हणजे बाल्टिकमधल्या युरोपीय शिपायाच्या अंगावर काय होते, हे कळायला पठारावरच्या मठातली वस्तू उपयोगी पडली. ती तिथे शाबूत राहिली याचे अर्धे श्रेय कोरड्या, थंड हवेला आहे. उरलेले अर्धे मठांच्या गोनखांगला, म्हणजे रक्षक-देवतांच्या अंधाऱ्या देवघराला आहे. तिथे तलवारी, ढाली, शिरस्त्राणे, चिलखते देवतेला वाहिलेली असत आणि खांबांवर टांगलेली असत. त्या देवताही चिलखत घातलेल्याच दाखवतात. पट्ट्यांच्या रांगा चित्रकाराने इतक्या नेमक्या काढलेल्या असतात की त्याच्यासमोर खरा अंगरखा असणार, अशी खात्री पटते.

शिरस्त्राणांवर वेगळा लेख होईल, म्हणून इथे एवढेच की त्यांतही हाच विचार दिसतो. काही शिरस्त्राणे आठ मोठ्या पाकळ्यांची, चार आत आणि चार बाहेर, अशी आहेत. काही मात्र तीस-चाळीस अरुंद उभ्या पट्ट्या वादीने बांधून घडवलेली. मस्तकाला तर एकसंध टोप जास्त सुरक्षित, तरीही पट्ट्या गुंफल्या. एकसंध टोप घडवायला मोठा लोखंडी गोळा, मोठी भट्टी आणि कसलेला लोहार लागतो. लहान पट्टी कुठेही ठोकता येते, हेच उत्तर पुन्हा येते.

आता उरला सगळ्यात मोठा आक्षेप, बंदुकीचा. गोळीपुढे पट्टी टिकत नाही, मग सतराव्या शतकानंतर हे चिलखत ठेवणे हा आंधळेपणाच नव्हे काय? तिबेटने बंदूक नाकारली नव्हती. तोड्याची बंदूक तिथे चांगलीच रुजली. नळीखाली हरणाच्या शिंगांचा दुबेळका आधार जोडलेली तिबेटी बंदूक सगळ्या पठारावर ओळखीची आहे. तरीही तोड्याची बंदूक भरायला वेळ लागतो, आणि तोवर घोडेस्वार धनुष्य-तलवारीसह अंगावर येतो. अशा मिश्र लढाईच्या काळात चिलखताचा उपयोग संपत नाही, कमी होत जातो. आणि तो संपला तेव्हा तिबेटी शिपायाने ते रणात घालणे सोडले. याचा पुरावा दुर्दैवाने ब्रिटिशांच्याच मोहिमेने दिला. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू गावाजवळ मोहिमेचा प्रमुख यंगहजबंड याच्या फौजेने मॅक्झिम तोफा आणि रायफलींनी सहाशेच्या आसपास तिबेटी मारले. त्या मृतांपैकी अनेकांच्या छातीवर गाउ, म्हणजे लामांनी मंतरलेल्या ताईतांच्या डब्या होत्या. गोळीपुढे लोखंड निरुपयोगी आहे हे त्यांना ठाऊक असावे. आशा उरली होती ती मंत्राची. त्याच मोहिमेत जोंग आणि मठांतून निघालेली चिलखते इंग्लंडच्या संग्रहालयांत पोचली आणि त्यांच्याकडे पाहून लोकांनी ठरवले की तिबेटी असेच लढायला आले होते. कोठारातली वस्तू रणातली म्हणून मांडली गेली, आणि तिबेट मध्ययुगात गोठल्याची गोष्ट बरीचशी या मांडणीतून जन्माला आली.

तरीही कोणी म्हणेल, रणातून बाद झालेली वस्तू पुढे पन्नास वर्षे मिरवणुकीत का ठेवली? ज्या सरकारने मोन्लमची हजेरी चालू ठेवली, तेच सरकार १९१४ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानकडून रायफली मागवत होते आणि तेराव्या दलाई लामांच्या हुकमाने नव्या कवायतीची फौज उभी करत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, आणि त्यांत विसंगती नाही. हजेरी म्हणजे मोजदाद. कोणत्या घराण्याने किती माणसे, घोडे आणि चिलखते द्यायची हे जुने देणे अजून शाबूत आहे, हे दरवर्षी उघड्यावर तपासायचे. जमिनीचा हक्क ज्या चाकरीवर उभा आहे, ती चाकरी घराण्याने विसरू नये याची ती तजवीज होती. लंडनमध्ये आजही राजाच्या मिरवणुकीत छातीवर चकचकीत पत्रे बांधलेले घोडेस्वार निघतात. त्यावरून ब्रिटन एकोणिसाव्या शतकात गोठला असे कोणी लिहीत नाही. तिबेटच्या वाट्याला मात्र तेवढी समजूत आली नाही.

१९५९ नंतर ती हजेरी बंद पडली. पुढच्या दशकांत मठांची नासधूस झाली, गोनखांगे रिकामी झाली, आणि तिथल्या कित्येक वस्तू बाजारात येऊन युरोप-अमेरिकेत पोचल्या. आज जगातली उत्तम तिबेटी चिलखते न्यूयॉर्क आणि लीड्ससारख्या शहरांत काचेमागे आहेत. त्यातले काही पूर्ण पोशाख तर निरनिराळ्या ठिकाणचे सुटे भाग जुळवून उभे केलेले आहेत, आणि घोड्यावर बसवलेला सजलेला स्वार पाहताना हे विशेष ध्यानात ठेवावे. संग्रहालयांना करण्यासारखी एक साधी विनंती आहे: अशा चिलखताच्या पाटीवर एक शतक छापू नका. पट्ट्यांचा अंदाज वेगळा लिहा, वाद्यांचा वेगळा, आणि कोणते भाग मागाहून एकत्र आले तेही नोंदवा. आणि वाचकाला अशा काचेसमोर उभे राहण्याची संधी आली, तर लोखंडाची चकाकी पाहून झाल्यावर खाली वाकून रांगांच्या मधले टाके पाहावेत. कुठे एका कातड्याचा रंग संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, ते बहुधा नुसत्या डोळ्यांनीही दिसते.